मोटोक्रॉस मैदानावर पाहावं की टीव्हीवर? गोव्यातून जाणाऱ्यांनी सांगा

तिळारीकाठ:

नमस्कार मंडळी. एमएक्सजीपी (मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक शर्यतींची, जागतिक मालिका) आणि अमेरिकेतलं सुपरक्रॉस (स्टेडियममधलं मोटोक्रॉस) तीन वर्षं टीव्हीवर नियमित पाहतो आहे. वर्ग, गुण, रायडर्स सगळं ओळखीचं झालं आहे, पण कुंपणापाशी उभं राहून एकही शर्यत पाहिलेली नाही. यंदा दोन बेत आहेत. एक तर आपल्याकडे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, भरणारी एखादी डर्ट ट्रॅक शर्यत, नाहीतर इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पुण्यात फेरी झाली तर ती. सोबत बारा वर्षांचा भाचा असेल.

मैदानावर नेमकं काय जास्त दिसतं आणि काय हातचं जातं, हे विचारायचं आहे. तिथे ड्रोन नाही, स्लो मोशन नाही, लॅप टाइमची पट्टी नाही. एका जागी उभं राहिलं की पाऊण ट्रॅक दिसतही नसेल. मग उभं कुठे राहायचं, काय न्यायचं, आणि दोन्हींतलं आधी कोणतं? ‘वातावरण भारी असतं’ हे सगळेच सांगतात, त्यापुढचं कुणी सांगत नाही.

सड्यावरचा:

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडच्या जाहिरातीत ‘डर्ट ट्रॅक’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा छोटं मोटोक्रॉसच असतं: उड्या, टेबलटॉप (सपाट माथ्याची उडी), बांध घातलेली वळणं. अमेरिकेत डर्ट ट्रॅक म्हणजे उड्या नसलेला लंबगोल सपाट ट्रॅक, तो खेळ वेगळा. नोव्हेंबरात वागातोरच्या हिलटॉपवर मोटोव्हर्स हा रॉयल एन्फिल्डचा बाइक मेळावा भरतो, तिथेही मातीतल्या स्पर्धा असतात, पण मोटोक्रॉस पाहायचं म्हणून तिथे गेलात तर फसगत होईल.

आता तुमचा मुद्दा. टीव्हीवर सगळ्यात जास्त मार बसतो तो चढाला. कॅमेरा उंचावरून आणि लांबून झूम करून घेतो, आणि झूममध्ये पुढचं-मागचं अंतर चेपलं जातं. उभा चढ बसका वाटतो, वीस मीटरची उडी दारातल्या पायरीएवढी वाटते. कुंपणापाशी उभे राहिलात की उडीचं तोंड भिंतीसारखं समोर येतं आणि लक्षात येतं, की वर चढणाऱ्याला पलीकडचं काहीच दिसत नाहीये. उतरायची जागा त्याने सरावात पाठ केलेली आहे, तेवढ्या भरवशावर तो निघाला आहे.

दुसरी गोष्ट आवाज. आवाज मोठा असतो एवढंच नाही, त्यात माहिती असते. उडीच्या बाजूला, चढाच्या पायथ्यापासून पाच-सात मीटर मागे उभे राहा आणि डोळे मिटून चार लॅप ऐका. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) चढाच्या टोकापर्यंत उघडं ठेवणारा कोण आणि टोकाच्या हातभर आधी सोडणारा कोण, हे सरळ ऐकू येतं. टीव्हीवर दोघेही सारखेच उडतात, कारण मायक्रोफोन सगळा आवाज एका पातळीवर आणतो आणि वर समालोचक बोलत असतो.

हवेतही आवाज बदलतो. बाइकचं नाक जास्त वर गेलं तर रायडर क्लच दाबून मागचा ब्रेक मारतो. फिरणारं चाक थांबलं की नाक खाली येतं, आणि त्या क्षणी इंजिनचा आवाज एकदम पडतो. उलट नाक खाली झुकायला लागलं तर तो हवेतच थ्रॉटल पिळतो. मागचं चाक जोरात फिरलं की नाक वर येतं. उडीच्या मध्यावर अचानक इंजिन किंचाळलं, तर समजा की काहीतरी बिघडलं होतं आणि तो ते सावरतो आहे. हे एकदा कानात बसलं की टीव्हीवरही थोडंफार कळायला लागतं.

उभं राहण्याचं सांगतो, कारण बहुतेकांचा दिवस तिथेच वाया जातो. आपल्याकडे नोव्हेंबर ते मे या काळात सकाळी मतलई वारा पूर्वेकडून असतो, दुपार चढली की दर्यावरून खारा वारा सुटतो. म्हणून सकाळी ट्रॅकच्या पूर्वेला उभे राहा आणि दुपारी पश्चिमेला. धूळ तुमच्यापासून लांब जाते. आणि सूर्याचंही गणित तेच: सकाळी पूर्वेला, दुपारी पश्चिमेला उभं राहिलं की ऊन पाठीवर असतं, डोळ्यात नाही. डिचोली, साखळीकडे आत खारा वारा उशिरा पोचतो. तिथे जेवणवेळेपर्यंत जागा बदलायची घाई नको.

एकाच जागी दिवस काढू नका. सरावाच्या वेळी सगळ्यात मोठ्या उडीपाशी. पहिल्या शर्यतीला गेट (सुरुवातीला बाइक्सपुढे असलेला, खाली पडणारा अडसर) आणि पहिलं वळण दोन्ही दिसेल अशा जागी. त्यानंतर एखाद्या चाकोऱ्या पडलेल्या वळणाच्या अलीकडे, जिथे ब्रेक लागतात. शेवटच्या शर्यतीला थोडी उंच जागा गाठा, अर्धा तरी ट्रॅक दिसेल अशी.

सराव कुणीही चुकवू नये. पहिल्या लॅपला सगळे उड्या चाकं टेकवत पार करतात. मग एकजण दोन उंचवटे जोडतो. दुसरा ते पाहतो आणि पुढच्या लॅपला तोही जोडतो. मग कुणीतरी तिन्ही एकत्र घेतो, आणि पुढच्या दहा मिनिटांत अर्ध्या जणांना ते घ्यावंच लागतं, कारण नाही घेतलं तर प्रत्येक लॅपला वेळ जातो. कोण लगेच घेतो, कोण दोनदा चढाशी येऊन थ्रॉटल सोडतो, कोण शेवटपर्यंत घेत नाही, हे वहीत नंबरासह लिहून ठेवा. दुपारच्या शर्यतीत कोण कुणाला कुठे गाठणार, ते बरंचसं तिथेच ठरलेलं असतं.

दोन_स्ट्रोक:

सड्यावरचा यांनी मैदानाची बाजू चांगली मांडली. मी टीव्हीची मांडतो, कारण शर्यत समजून घेण्यासाठी माझ्या मते टीव्हीच वरचढ आहे. मैदानावर रायडिंग कळतं, शर्यत कळेलच असं नाही.

एमएक्सजीपीत एका वर्गाच्या रविवारी दोन शर्यती, प्रत्येकी ३० मिनिटं आणि २ लॅप. गुण पहिल्याला २५, मग २२, २०, १८, १६, तिथून एकेक कमी होत विसाव्याला १. दिवसाचा विजेता दोन्हींच्या बेरजेवर ठरतो आणि बेरीज सारखी आली तर दुसऱ्या शर्यतीत पुढे असलेला जिंकतो. म्हणजे एकजण पहिला आणि तिसरा आला (४५), दुसरा तिसरा आणि पहिला आला (४५), तर दिवस दुसऱ्याचा. दुसऱ्या शर्यतीच्या शेवटच्या पाच मिनिटांत तिसऱ्या-चौथ्या जागेसाठी चाललेली झटापट आख्ख्या दिवसाचा निकाल फिरवू शकते. टीव्हीवर ती बेरीज पट्टीत हलताना दिसते. कुंपणापाशी उभ्या माणसाला फक्त दोन बाइक्स दिसतात.

मोटोक्रॉस ऑफ नेशन्सला, म्हणजे देशादेशांच्या सांघिक स्पर्धेला, तर हे फारच खरं आहे. प्रत्येक देशाचे तीन रायडर, तीन शर्यती, म्हणजे सहा निकाल. जागेचा आकडा हाच गुण, सहातला सगळ्यात वाईट निकाल वगळायचा, सगळ्यात कमी बेरजेचा देश विजेता. २०२३ मध्ये फ्रान्सने घरच्या अर्ने ट्रॅकवर जिंकलं, २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या मॅटर्ली बेसिनला ऑस्ट्रेलियाने. तिथे चौदाव्या जागेवरचा रायडर देशासाठी किती मोलाचा, हे ग्राफिकशिवाय कळणं अशक्य. हातात लाइव्ह टायमिंग असेल तर गोष्ट वेगळी, पण एवढी गर्दी एकाच टॉवरवर आली की नेट रांगत चालतं.

वळणात कोण आतली चाकोरी धरतो आणि कोण बाहेरच्या बांधावर टेकून वेग राखतो, ही तुलनाही वरून घेतलेल्या चित्रात सोपी. खालून एकाच उंचीवरून दोन्ही रेषा एकमेकींत मिसळतात.

टीव्हीची वाईट सवय म्हणजे पहिल्या तिघांना चिकटून राहणं. गेटवर चाळीसपर्यंत जण असतात. पहिल्या वळणात पडून एखादा चौतिसावा निघतो आणि अर्ध्या तासात आठवा होतो. स्क्रीनवर तो फक्त डावीकडच्या यादीत एक नाव म्हणून वर सरकत राहतो. त्यासाठी यादीवर नजर ठेवायची सवय लावा: सुरुवातीलाच पडलेल्या एका चांगल्या रायडरचं नाव धरायचं आणि दर दोन लॅपला तो कुठे आहे ते पाहायचं.

वेळांचं सांगून ठेवतो. युरोपातल्या फेऱ्या तिथल्या दुपारी असतात. उन्हाळी वेळेत फरक साडेतीन तासांचा, त्यामुळे आपल्याकडे साधारण रविवारी दुपारी पावणेचारपासून रात्री सव्वाआठपर्यंत. अमेरिकेतलं सुपरक्रॉस शनिवारी रात्री, म्हणजे आपली रविवारची पहाट किंवा सकाळ. पूर्व किनाऱ्यावरची फेरी अंधारात, पश्चिम किनाऱ्यावरची चहा-नाश्त्याला.

म्हादईपार:

दोन_स्ट्रोक, गुणांचं सगळं मान्य. पण शर्यत मैदानावर कळत नाही हे मान्य नाही. फोनचं स्टॉपवॉच पुरतं. समोरची एक ठळक खूण धरा, समजा टेबलटॉपची उतरण. पहिल्याचं पुढचं चाक टेकलं की सुरू, दुसऱ्याचं टेकलं की बंद. दर लॅपला त्याच जागी. आकडे ३.२, २.९, २.५ असे आले तर लॅपला साधारण ०.३५ सेकंद कापले जातायत, म्हणजे सात-आठ लॅपमध्ये गाठणार. तेवढे लॅप उरलेत का, एवढाच हिशोब. आणि आपल्या स्थानिक शर्यती कमी लॅपच्या असतात, त्यामुळे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ येतं, जागा सुरुवातीलाच मिळवावी लागते. म्हणून तिथे गेट बघणं जास्त महत्त्वाचं.

गेटवर काय बघायचं: आधी १५ सेकंदांची पाटी दाखवतात. ती १५ सेकंद संपली की ५ ची पाटी, आणि त्यानंतर पाच ते दहा सेकंदांत कधीही गेट पडतं. ही अनिश्चितता मुद्दाम ठेवलेली असते. बहुतेकांची नजर आपल्या समोरच्या गेटच्या पिनवर असते, शेजाऱ्याकडे नाही. बाइकचं नाक खाली दबलेलं दिसेल, ते होलशॉट डिव्हाइस. पुढचा काटा (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) खाली अडकवून ठेवलेला असतो, म्हणजे जोरात निघताना पुढचं चाक उचलत नाही. पहिल्या ब्रेकला काटा आणखी दबला की ते आपोआप सुटतं. पहिल्या वळणाआधी ब्रेक मारताना नाक एकदम वर उसळलेलं दिसतं ते त्यामुळेच. टीव्हीवर गेटचा शॉट बहुतेक समोरून असतो आणि त्यात हे कळत नाही. बाजूने बघायला हवं.

होर्हे प्रादो २०२३ आणि २०२४ ला एमएक्सजीपीचा विश्वविजेता झाला त्यात त्याच्या सुरुवातींचा वाटा किती मोठा होता, हे टीव्हीवर पाहणाऱ्यांना माहीतच आहे. मैदानावर गेट पाहिलं की ते पटतं. क्लच सुटल्यापासून पहिल्या वळणापर्यंत काही सेकंदच असतात आणि तेवढ्यात चाळीस जणांची रांग लागते.

झेंडेही ओळखून ठेवा. हलणारा पिवळा म्हणजे पुढे कुणी पडलंय, वेग कमी, ओव्हरटेक नाही, उडी मारायची नाही. निळा म्हणजे तुझ्यापेक्षा एक लॅप पुढे असलेला मागून येतोय, वाट सोड. स्थिर पिवळ्याला नुसती सावधगिरी.

सड्यावरचा:

झेंड्यांत एक राहिला. पांढऱ्यावर लाल फुली असलेला: वैद्यकीय पथक ट्रॅकवर आहे. तो दिसला की सगळ्यांनी त्या भागात चाकं जमिनीला टेकवूनच जायचं. हा झेंडा तुमच्या समोरच्या भागात दिसला तर तुम्हीही कुंपण सोडून दोन पावलं मागे या. मागचे रायडर वेग अचानक कमी करतात आणि तिथेच दुसरी धडक होते.

चिरेखाण:

मातीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे शर्यत कशी दिसेल हे निम्मं मातीवर ठरतं.

सड्याची माती म्हणजे जांभ्याचा वरचा झिजलेला थर. खाली चिरा, टणक. वर तांबडी माती आणि वाटाण्याएवढी खडी. कोरडी असताना ती खडी कडक तळावर सुटी पडलेली असते आणि टायर त्यावरून जाताना ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडल्यासारखं होतं. वळणात लोळणारे बरेचसे पुढचं चाक सरकून लोळतात. पडण्याआधीची खूण म्हणजे हँडल क्षणभर आतल्या बाजूला दुमडतं. हे तुम्हाला पाच मीटरवरून दिसतं, टीव्हीवर रीप्ले लावला तरच.

म्हणून इथे कडक जमिनीचे टायर लागतात, त्यांवरच्या रबरी गोट्या आखूड आणि जवळजवळ, आणि हवा थोडी जास्त, १३ ते १५ पीएसआय. वाळूत तीच ११-१२ पर्यंत उतरवतात. पॅडॉकमधून (बाइक्स उभ्या करून दुरुस्त करतात त्या आवारातून) फिरायला मिळालं तर टायरच्या गोट्यांची पुढची धार बघा. धार गोल झाली असेल तर त्या रायडरचा ब्रेकिंगचा भरवसा दुपारपर्यंत गेलेला असेल.

पाणी मारणं हा सगळ्यात चुकणारा भाग. योग्य पद्धत अशी: आदल्या रात्री भरपूर पाणी मारून रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी एक हात, मग दोन शर्यतींच्या मध्ये हलकी फवारणी. ऐन शर्यतीच्या आधी टँकरने धो धो ओतलं की ते खाली मुरत नाही, कडक तळावर अर्धा इंच चिखल बसतो आणि ट्रॅक पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणासारखा होतो. टँकर नुकताच फिरून गेला असेल तर पहिले दोन लॅप ब्रेक लागणाऱ्या जागेवर नजर ठेवा, सगळे तिथेच चाचपडत असतात. तिसऱ्या लॅपपर्यंत एक कोरडी रेषा उमटते आणि मग सगळे तिच्यावर रांगेत जातात. ओव्हरटेक थांबतात. जो त्या रेषेच्या बाहेर ओल्यातून जायची हिंमत करतो त्याच्याकडे पाहा.

पाणी कमी पडलं तर उलटं. पहिला सोडून मागच्या सगळ्यांना धुरळ्यात काही दिसत नाही, मागचे मुद्दाम अंतर ठेवतात, आणि प्रेक्षकांना वाटतं की शर्यत रटाळ आहे.

आता खडे. मागचं चाक वळणातून बाहेर पडताना माती-खडी मागे फेकतं, त्याला रूस्ट म्हणतात. ४५० सीसीची बाइक ५५ हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद मातीत घालते, त्यातला खडा डोळ्याला लागला तर डोळा जाऊ शकतो. वळणाच्या बाहेर पडण्याच्या बाजूला, चाकाच्या सरळ मागे येईल अशी जागा टाळा. तसंच लांब सरळ पट्टीच्या शेवटी, बरोबर समोर उभं राहू नका. ब्रेक चुकला की बाइक सरळ तिथेच येते. आणि उडीच्या उतरणीच्या बाहेरच्या बाजूलाही नको, वाकडी उडालेली बाइक तिकडेच पडते. बरी जागा म्हणजे वळणात शिरण्याआधी ब्रेक लागतात त्या पट्टीच्या बाजूला, दुहेरी कुंपण असेल तर दुसऱ्या कुंपणामागे, आणि मागे सरकायला मोकळी जागा असेल अशी. एकच दोरी बांधलेली असेल तर दोरीपासून किमान दहा मीटर. दोरी बाइक अडवत नाही.

मुलाला साधा गॉगल नको. बाजूने बंद असलेला, पारदर्शक काचेचा सेफ्टी गॉगल हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो द्या.

तिळारीकाठ:

सगळ्यांचे आभार. वारा आणि उन्हाची गोष्ट तर सुचलीच नसती. दोन शंका. मुलाच्या कानाचं काय करायचं? आणि पुण्याचं स्टेडियम हा वेगळा प्रकार आहे ना, तिथे हेच नियम लागू पडतात का?

दोन_स्ट्रोक:

स्टेडियममध्ये बरंचसं उलटं. उघड्या मैदानावर जवळ जायचं, स्टेडियममध्ये वर जायचं. खालच्या रांगांतून जवळची उडी पलीकडचा अर्धा ट्रॅक झाकून टाकते. पंधराव्या-विसाव्या रांगेपासून सगळा ट्रॅक दिसतो, आणि अख्खी शर्यत एका नजरेत येते. म्हणजे मघाशी मी टीव्हीच्या बाजूने जे म्हटलं त्यातलं बरंच स्टेडियममध्ये मिळतं, फक्त बेरीज स्वतः करावी लागते. लॅप एक मिनिटाच्या आतबाहेर, त्यामुळे रायडर सतत समोर. उघड्या ट्रॅकवर तो दीड-दोन मिनिटांनी परत येतो.

तिकीट काढताना स्टार्टच्या बाजूचं की व्हूप्सच्या बाजूचं असा प्रश्न आला तर व्हूप्स. व्हूप्स म्हणजे ओळीने घातलेले नऊ-दहा उंचवटे, दोन-तीन फुटांचे. त्यांच्या फक्त माथ्यांवरून बाइक तरंगत न्यायची असते. वजन मागे, थ्रॉटल उघडं, गुडघे सैल. वेग थोडा कमी पडला की पुढचं चाक दोन उंचवट्यांच्या खाचेत शिरतं, मागचं उसळतं आणि रायडर हँडलवरून पुढे जातो. दिवस जातो तसतसे माथे झिजतात, मधल्या खाचा खोल होतात, आणि एकेक जण तरंगणं सोडून दोन-दोन उंचवटे उडी मारत पार करायला लागतो. तो बदल कोणत्या लॅपला कोण करतो हे बाजूने, थोडं वरून बघण्यासारखं असतं. टीव्हीवर हाच भाग समोरून दाखवतात आणि सगळं एकसारखं थरथरताना दिसतं.

लीगचा पहिला मोसम २०२४ मध्ये पुणे, अहमदाबाद आणि बेंगळुरूला झाला, पुण्याची फेरी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. ४५० आणि २५० च्या आंतरराष्ट्रीय वर्गांसोबत भारतीय-आशियाई रायडर्सचा २५० चा वर्ग आणि मुलांचा ८५ सीसीचा वर्ग होता. भाच्याला ८५ सीसी दाखवाच. आपल्याच वयाची मुलं ती उडी घेताना पाहणं हे त्याच्यासाठी ४५० पेक्षा मोठं ठरेल.

प्रवास: मडगावहून गोवा एक्सप्रेस लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला जाते. गाडीने साधारण साडेचारशे किलोमीटर, घाट आणि जेवण धरून नऊ-दहा तास. संध्याकाळची शर्यत संपवून रात्री लगेच परत निघू नका. दिवसभर उन्हात उभं राहिलेला माणूस आंबोलीच्या घाटात गाडी चालवायच्या लायकीचा नसतो.

चिरेखाण:

कानाचं: ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी मानलेली मर्यादा, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशोबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. गेटपाशी वीस-पंचवीस बाइक्स एकदम गरजतात तेव्हा १०० सहज ओलांडलेले असतात, आणि तुम्ही तिथे दिवसभर असता. मुलाला इअर मफ घ्या, पाकिटावर एसएनआर (आवाज किती डेसिबलने कमी होतो तो आकडा) २५ ते ३० लिहिलेला. कापूस चालत नाही, तो आवाज अडवत नाही.

स्वतःसाठी फोमचे प्लग पुरतात, पण नीट घातले तरच. प्लग बोटांत लाटून बारीक करायचा. डाव्या कानासाठी उजवा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने दाबून धरायचा. बोललात की स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला, म्हणजे बसला. अर्धा बाहेर राहिलेला प्लग निम्मंही काम करत नाही. सड्यावरचा यांनी सांगितलेलं थ्रॉटलचं ऐकणं प्लग घालूनही जमतं, उलट चढउतार जास्त स्पष्ट होतात.

सड्यावर सावली नसते. माणशी तीन लिटर पाणी, त्यातलं एक लिटर मीठ-साखर-लिंबू घातलेलं. सपाता घालून जाऊ नका. वाळक्या गवतावरून आणि सुट्या खडीवरून दिवसभर चालायचं असतं, बंद बूट घाला. मास्क किंवा ओला रुमाल, कारण वाऱ्याचा हिशोब कितीही बरोबर असला तरी गेट पडतं तेव्हा धूळ सगळीकडे जाते.

म्हादईपार:

आधी कोणतं, याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. आधी इथली शर्यत. तिकीट स्वस्त, घरापासून तासाभरावर, आणि कुंपणापर्यंत जाता येतं. तिथे चढ, आवाज, माती कळू द्या. मग पुण्याला वरच्या रांगेत बसाल तेव्हा लांबून दिसणाऱ्या प्रत्येक उडीचं खरं माप तुम्हाला ठाऊक असेल. उलट क्रमाने केलंत तर स्टेडियमच्या वरच्या रांगेतून सगळं पुन्हा टीव्हीसारखंच बसकं वाटण्याची भीती आहे.

इथे वर्ग वेगळे असतात एवढं लक्षात ठेवा. देशी बाइक्स, विदेशी बाइक्स, स्थानिक रायडर्स, कधी स्कूटरचाही वर्ग. देशी बाइकची शर्यत हलकी समजून चहाला जाऊ नका. विदेशी मोटोक्रॉस बाइकच्या सस्पेन्शनला ३०० मिलिमीटरच्या आसपास हालचाल असते, रस्त्यावरच्या बाइकला त्याच्या निम्म्याहून कमी. तीच उडी, तीच उतरण. देशी बाइकवाल्याला उतरणीवर नेमकं उतरावंच लागतं, सपाटीवर पडला तर सस्पेन्शन तळाला लागल्याचा ‘ठाक’ असा आवाज तुम्हाला कुंपणापर्यंत ऐकू येतो. नेमकेपणा बघायचा तर तोच वर्ग.

सड्यावरचा:

म्हादईपार यांना अनुमोदन. एक पुरवणी: शेवटची शर्यत झाल्यावर आयोजकांनी परवानगी दिली तर ट्रॅकवरून चालत एक फेरी मारा. सकाळी सपाट असलेल्या वळणात संध्याकाळी घोट्याच्या वरपर्यंत चाकोरी पडलेली असते. ब्रेक लागतात तिथे गुडघ्याएवढ्या लाटा. भाच्याला त्या चाकोरीत उभं करून पुढचं वळण किती लांब दिसतं ते बघायला सांगा. आणि घरी आल्यावर त्याच आठवड्यात एमएक्सजीपीची एखादी शर्यत लावा, शक्यतो बेल्जियमच्या लोमेलची. तिथे वाळू आहे, टीव्हीवर सगळे संथ वाटतात. दोन लॅप बघून झाले की त्या लाटांची उंची रायडरच्या गुडघ्याशी, चाकाच्या व्यासाशी मोजा. पुढचं चाक २१ इंची रिमचं, टायरसकट सव्वादोन फुटांच्या वर. लाटेत ते अर्धं गडप झालं तर लाट फूटभराहून खोल.

तिळारीकाठ:

ठरलं, आधी इथली. वही, स्टॉपवॉच, मफ, सेफ्टी गॉगल, तीन-तीन लिटर पाणी. सकाळी सरावाआधी पूर्वेच्या बाजूला, सगळ्यात मोठ्या उडीपाशी असू.